मुलांच्या दातांना तारा नेमक्या कधी? जबड्याची वाढ आणि उपचारांची वेळ

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मुलीला अकरा पूर्ण झालीत, सहावीत आहे. धाकटा साडेसात वर्षांचा.

मुलीचे वरचे पुढचे दात बरेच बाहेर आहेत. ओठ मिटायला तिला जोर लावावा लागतो. बाजूने पाहिलं की हनुवटी आत गेल्यासारखी दिसते. धाकट्याचं वेगळंच आहे. त्याचे दात सरळ आहेत, पण तोंड मिटताना खालचा जबडा किंचित डावीकडे सरकतो, आणि त्या बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात.

दोन ठिकाणी दाखवलं. एका डॉक्टरांनी सांगितलं की दोघांचेही सगळे दुधाचे दात पडू देत, तेराव्या-चौदाव्या वर्षी या. दुसऱ्यांनी सांगितलं की मुलीचं येत्या वर्षात सुरू करू आणि धाकट्याचं मात्र लगेच. मोठीचं नंतर आणि लहानाचं आधी, हे घरात कुणालाच पटेना. सासूबाई म्हणतात, दुधाचे दात आहेत अजून, एवढ्यात कशाला पोराच्या तोंडात लोखंड घालता.

खर्चाची तयारी आहे. मला फक्त समजून घ्यायचंय की ही वेळ ठरते कशावरून? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

कुपवाडची_काकू

माझ्या लेकीला नववीत तारा लावल्या होत्या, दहावीच्या सुट्टीत काढल्या. एकदम छान झालं. सगळ्यांना त्याच वयात लावतात गं. घाई करू नकोस.

मिरजेचा_दंतवैद्य

कृष्णाकाठची ताई, मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात आणि जबड्यांची ठेवण सुधारणारा दंतवैद्य आहे. तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण तुमचा प्रश्न फार योग्य आहे आणि त्याचं उत्तर पालकांना मिळायलाच हवं. थोडं लांबेल.

दात सरळ करायला वयाची अट नाही. दातावर हलका, सतत दाब ठेवला की एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं आणि दात सरकतो. हे चाळिशीतही होतं, पन्नाशीतही होतं. काकूंच्या मुलीचा प्रश्न बहुधा वाकड्या दातांचा असणार, म्हणून नववीत लावलेल्या तारांनी काम झालं. पण जिथे दात ज्यात बसलेत तो जबडाच मागे, पुढे किंवा अरुंद आहे, तिथे दात सरकवून मूळ दुखणं जात नाही. जबडा वाढत असेल तेव्हाच त्याला वळण लावता येतं. आणि चेहऱ्याचे सगळे भाग एकाच वेळी वाढत नाहीत.

मेंदू आणि कवटीची वाढ सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत जवळपास पूर्ण होते. हातपाय त्यानंतरही वाढत राहतात आणि वयात येताना एकदम उसळी घेतात. शरीराच्या वेगवेगळ्या ऊतींच्या वाढीचे आलेख स्कॅमन यांनी १९३० साली मांडले, ते आम्हाला अजून पहिल्या वर्षी शिकवतात. जबडे या दोन टोकांच्या मधे आहेत. वरचा जबडा कवटीला चिकटलेला, त्यामुळे त्याची वाढ लवकर आटोपते. खालचा जबडा हातापायांच्या तालावर चालतो. उंची झपाट्याने वाढते तेव्हा तोही वाढतो, आणि वरचा थांबल्यावरही काही काळ वाढत राहतो. लहान मुलाची हनुवटी थोडी आत दिसते आणि मोठेपणी बाहेर येते ती यामुळेच.

दिशांचाही क्रम असतो. जबड्याची रुंदी आधी पूर्ण होते, बरीचशी वयात येण्यापूर्वीच. मग पुढे येणं थांबतं. चेहऱ्याची उंची सगळ्यात शेवटी.

आता तुमच्या दोन मुलांकडे पाहा. धाकट्याचं लक्षण तुम्ही लिहिलंय त्यावरून त्याचा वरचा जबडा रुंदीला कमी असावा. टाळूच्या मध्यावर एक सांधा असतो. या वयात तो सैल असतो, सहज उघडतो. वयात आल्यावर त्याच्या दोन्ही कडा एकमेकींत गुंतत जातात, मग साध्या उपकरणाने तो उघडणं अवघड होतं, आणि मोठेपणी हाडात स्क्रू बसवावे लागतात किंवा शस्त्रक्रिया करावी लागते. शिवाय तो रोज जबडा डावीकडे सरकवून चावतोय, म्हणजे खालचा जबडा वाकड्या जागी बसून वाढतोय. असं वर्षानुवर्षं चाललं तर चेहऱ्याच्या दोन बाजू असमान वाढू शकतात. त्याला दुधाचे दात असणं ही अडचण नाही. सहाव्या वर्षी येणाऱ्या पक्क्या दाढा आल्या की तेवढा आधार पुरतो.

मुलीचा प्रश्न खालचा जबडा मागे असण्याचा असेल तर तिच्यासाठी उंचीच्या उसळीचा काळ सगळ्यात उपयोगी. मुलींमध्ये तो साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येतो, मुलांमध्ये तेराव्या-चौदाव्या. तिला चौदाव्या वर्षापर्यंत थांबवलं तर तो काळ बहुतेक हातातून गेलेला असेल. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं.

कृष्णाकाठची

डॉक्टर, मनापासून आभार. इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. मग मुलीची ती उसळी आली, यायचीय की गेली, हे कळतं कसं? तिच्या वर्गात सगळ्या मुली वेगवेगळ्या उंचीच्या आहेत.

मास्तर_इस्लामपूर

माझा यातला अभ्यास नाही, पण शाळेत मुलांची उंची-वजनाची नोंद आम्ही ठेवतो. सहावी-सातवीत एखादी मुलगी एका सत्रात एवढी वाढते की सुट्टीनंतर ओळखू येत नाही. आणि तिच्याच वयाची दुसरी आहे तेवढीच. या नोंदी डॉक्टरांच्या उपयोगाच्या असतील तर पालकांनी शाळेकडून मागून न्याव्यात. आम्ही आनंदाने देऊ.

मिरजेचा_दंतवैद्य

मास्तर, उपयोगाच्याच नाहीत तर अनमोल आहेत. दोन-तीन वर्षांच्या उंचीच्या नोंदी हातात असल्या की वेग कळतो. जन्मतारखेवरून एवढं कळत नाही. एकाच वयाच्या दोन मुलींमध्ये वाढीच्या दृष्टीने दोन-दोन वर्षांचं अंतर असू शकतं.

ताई, मुलींमध्ये आणखी एक खूण आहे. पहिली पाळी ही उसळी ओसरायला लागल्यावर, साधारण वर्षभराने येते. पाळी सुरू झाली असेल तर जोराची वाढ मागे पडली असं समजावं, पुढे थोडीच उरते. हा प्रश्न विचारताना डॉक्टरही संकोचतात आणि आयाही. कृपया संकोचू नका, आपणहून सांगा.

आमच्याकडचं साधन म्हणजे बाजूने काढलेला डोक्याचा एक्स-रे, लॅटरल सेफॅलोग्राम. १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत हॉफ्रात यांनी स्वतंत्रपणे ही पद्धत बसवली. त्यात जबडे किती पुढे-मागे आहेत हे मोजता येतं, आणि त्याच फोटोत मानेचे मणकेही दिसतात. दुसरा, तिसरा आणि चौथा मणका आम्ही बघतो. लहानपणी त्यांच्या खालच्या कडा सपाट असतात. वाढीचा जोर जवळ येतो तसा आधी दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, मग चौथ्याला खालून खळगा पडतो. मणक्यांचा आकारही आधी पाचरीसारखा, मग आडवा आयत, पुढे चौरस आणि शेवटी उभा होतो. याच्या सहा पायऱ्या केल्यात. तिसरी ते चौथी पायरी हा खालच्या जबड्याच्या जोराचा काळ. पूर्वी यासाठी मनगटाचा वेगळा एक्स-रे काढत. आता बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही.

पायऱ्या ओळखण्यात दोन डॉक्टरांचं मत थोडं इकडेतिकडे होऊ शकतं. म्हणून उंची, पाळी, मणके आणि दात हे सगळं एकत्र धरूनच ठरवावं.

तासगावकर

आमच्या पोराचं उलट हाय डॉक्टर. आठ वर्सांचा हाय. खालचे दात वरच्या दातांच्या म्होरं येत्यात. माझ्या आज्ज्याचं तसंच हुतं, चुलत्याचंबी हाय. घरचे म्हंत्यात आपल्या घराण्याची ठेवण हाय ती, ऱ्हाऊ दे.

तुमचं वाचून मला द्राक्षाच्या दोन छाटण्या आठवल्या. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला आणि ऑक्टोबरची फळछाटणी माल धरायला. एप्रिलचं काम राहिलं तर ऑक्टोबरला कितीबी राबा, काडीत घडच नसतो. पोराची एप्रिल छाटणी चुकतीय का काय, एवढंच सांगा.

मिरजेचा_दंतवैद्य

तासगावकर दादा, चुकलेली नाही, पण उशीर करू नका.

खालचे दात पुढे दिसतात त्याची कारणं तीन असू शकतात. कधी फक्त पुढचे दात अडकलेले असतात आणि मूल जबडा पुढे सरकवून चावतं. ते साध्या प्लेटने थोड्या महिन्यांत सुटतं. कधी वरचा जबडा मागे राहिलेला असतो. तेव्हा फेसमास्क वापरतात. कपाळावर आणि हनुवटीवर टेकणारी चौकट असते, तिला तोंडातल्या उपकरणापासून रबर लावायचे, रोज बारा-चौदा तास, म्हणजे संध्याकाळपासून सकाळपर्यंत. वरच्या जबड्याचे सांधे लवचीक असतात तोवरच तो पुढे ओढला जातो. सात ते नऊ हे वय उत्तम. दहानंतर हाड कमी सरकतं आणि दातच जास्त सरकतात.

तिसरं कारण म्हणजे खालचा जबडाच मुळात मोठा, आणि तो घराण्यातून येतो. युरोपातल्या हॅब्सबर्ग राजघराण्यातल्या पिढ्यान् पिढ्यांच्या चित्रांत तसा जबडा दिसतो. तुमच्या आजोबांचा, चुलत्यांचा विचार करता हे कारण मनात ठेवावं लागेल. अशा मुलांमध्ये लहानपणी फेसमास्कने सुधारलं तरी वयात येताना खालचा जबडा पुन्हा पुढे जाऊ शकतो. हे मी आधीच सांगतो, म्हणजे पाच वर्षांनी फसवल्यासारखं वाटायला नको. तरीही लवकर उपचार केलेल्या बऱ्याच मुलांची मोठी शस्त्रक्रिया टळते किंवा लहान होते. म्हणून मुलाला दाखवा. घराण्याची ठेवण असली तरी वरच्या जबड्याला मदत करता येते का, हे बघायला हवं.

अजिंक्यतारा_२२

मी साताऱ्याचा. वय बावीस. तासगावकर दादांच्या मुलासाठी लिहितोय.

माझाही खालचा जबडा पुढे होता. पंधराव्या वर्षी आम्ही दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की आता थांबायचं, वाढ पूर्ण होईपर्यंत. मला ते फार लागलं होतं. दहावी, अकरावी, बारावी, सगळे फोटो मी तोंड फिरवून काढलेत. मित्र दंगामस्तीत काय बोलायचे ते इथे लिहीत नाही. दर वर्षी सेफॅलोग्राम काढायचे, आधीच्यावर ठेवून बघायचे आणि म्हणायचे, अजून वाढतोय. सतरा-अठराव्या वर्षी माझी उंची थांबली होती, तरी जबडा थोडा पुढे गेलाच.

एकोणिसाव्या वर्षी दोन एक्स-रे सारखे आले. मग तारा लावल्या, आणि त्यानंतर शस्त्रक्रिया. गंमत म्हणजे शस्त्रक्रियेआधीच्या तारांनी चेहरा आणखी वाईट दिसायला लागला, कारण दात त्यांच्या मूळ जागी नेतात. याची मनाची तयारी ठेवा, कुणीतरी आधी सांगायला हवं. आता मी नीट चावतो. शेंगदाण्याचा लाडू पुढच्या दातांनी तोडता येतो.

पंधराव्या वर्षीच केली असती तर जबडा पुन्हा वाढून सगळं वाया गेलं असतं, हे मला तेव्हा कुणी चित्र काढून दाखवलं असतं तर ती वर्षं थोडी सोपी गेली असती. डॉक्टर, तुम्ही मुलांशीही बोला. नुसतं आईवडिलांशी नको.

मिरजेचा_दंतवैद्य

अजिंक्यतारा, तुझी पोस्ट मी माझ्या पेशंटना वाचून दाखवणार आहे, तुझी हरकत नसेल तर.

जबडा पुढे असणाऱ्या मुलांत वाढ उशिरापर्यंत चालते. मुलींमध्ये साधारण सोळा-सतराव्या वर्षी थांबते, मुलांमध्ये अठरा ते वीस, कधी त्याहून पुढे. निदान सहा महिने ते वर्षाच्या अंतराने काढलेले दोन एक्स-रे जुळल्याशिवाय शस्त्रक्रिया करू नये. जबडा मागे असणाऱ्यांत मात्र एवढं थांबावं लागतंच असं नाही.

स्पष्ट_कराड

डॉक्टरांचा आदर ठेवून विचारतो. लहानपणी एकदा उपकरण आणि नंतर पुन्हा तारा, म्हणजे दोनदा फी. पुढे आलेल्या दातांवर आठव्या-नवव्या वर्षी उपचार करून काही फायदा नाही असं परदेशातल्या अभ्यासांत निघालंय ना? मग मध्यमवर्गीय पालकांनी दोन टप्प्यांचा भुर्दंड का सोसायचा?

मिरजेचा_दंतवैद्य

प्रश्न रास्त आहे आणि तुम्ही म्हणता ते अभ्यास खरे आहेत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना आणि फ्लोरिडात, आणि नंतर ब्रिटनमध्ये, पुढे आलेले वरचे दात आणि मागे असलेला खालचा जबडा अशा मुलांवर चाचण्या झाल्या. कुणाला लवकर उपचार द्यायचे आणि कुणाला थांबवायचं, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. लवकर उपचार केलेल्या मुलांत सुरुवातीला फरक दिसला. पण सगळ्यांचे उपचार पूर्ण झाल्यावर दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले. म्हणून केवळ मागे असलेल्या जबड्यासाठी मी आठव्या वर्षी सुरू करत नाही. अकरा-बारापर्यंत थांबतो आणि पुढे लगेच तारा लावून एकाच सलग उपचारात संपवतो.

पण त्याच चाचण्यांत एक फायदा टिकून राहिला. लवकर उपचार केलेल्या मुलांत पुढचे दात आपटून तुटण्याचं प्रमाण कमी होतं. आपल्याकडे मुलं कबड्डी, खो-खो खेळतात, सायकलवरून पडतात. दात फार पुढे असतील आणि ओठ मिटत नसेल तर पडल्यावर पहिला मार दातांवर बसतो. अशा मुलाचं, किंवा दातांवरून चिडवलं जाऊन शाळेला जायचं टाळणाऱ्या मुलाचं, मी लवकर करतो. त्यासाठी घेतलेली फी मला भुर्दंड वाटत नाही.

आणि हे निष्कर्ष फक्त त्या एका प्रकाराचे आहेत. अरुंद टाळू, वाकडा चावा, मागे राहिलेला वरचा जबडा, यांना ते लावता येत नाहीत. तिथे थांबण्याची किंमत मोठी आहे. दुसऱ्या बाजूने, सात ते अकरा वर्षांत वरच्या पुढच्या दातांत फट पडते आणि दात पंख्यासारखे पसरतात, ती बहुतेक मुलांत सुळे खाली आले की आपोआप मिटते. त्यासाठी कुणी घाईने तारा लावायला सांगत असेल तर दुसरं मत जरूर घ्या.

उपकरणांबद्दलही खरं सांगतो. ट्विन ब्लॉक, म्हणजे खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं उपकरण, स्कॉटलंडच्या क्लार्क यांनी १९७७ साली बनवलं आणि आपल्याकडे ते खूप वापरतात. त्याने दातांचं अंतर चांगलं कमी होतं. पण त्यातला मोठा वाटा दात सरकण्याचा असतो, जबड्याच्या जादा वाढीचा वाटा थोडा. हनुवटी एकदम बदलेल असं आश्वासन कुणी दिलं तर विश्वास ठेवू नका.

खर्चाचं म्हणाल तर सांगलीत भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे, तुमच्या कराडला कृष्णाचं आहे. अशा ठिकाणी खासगी दवाखान्यापेक्षा खर्च कमी येतो आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली काम होतं. वेळ थोडा जास्त द्यावा लागतो.

स्पष्ट_कराड

समाधान झालं. पुतणीला सुळे अजून आलेले नाहीत, बारा संपत आली. त्याचंही दाखवायला हवं का?

मिरजेचा_दंतवैद्य

हो, या महिन्यात. दहाव्या वर्षी वरच्या हिरडीवर, ओठाच्या बाजूने, सुळ्याचा फुगवटा बोटाला लागायला हवा. लागत नसेल तर सुळा टाळूकडे वळलेला असू शकतो. वेळेवर कळलं तर नुसता दुधाचा सुळा काढून बऱ्याचदा पक्का सुळा आपली वाट शोधतो. एरिक्सन आणि कुरोल यांनी १९८८ मध्ये स्वीडनमध्ये असे ४६ सुळे तपासले, त्यातले ३६ सुधारले. उशीर झाला तर हिरडी उघडून, साखळी लावून तो ओढून आणावा लागतो, आणि तोवर शेजारच्या दाताचं मूळही खराब होऊ शकतं.

कृष्णाकाठची

सगळ्यांना कळवते. आम्ही दोघांनाही दाखवून आलो. मास्तरांचं ऐकून मुलीच्या शाळेतून उंचीच्या नोंदी नेल्या होत्या, त्या बघून डॉक्टर खूश झाले. तिची पाळी अजून नाही आणि मणके तिसऱ्या पायरीवर आहेत. ट्विन ब्लॉक सुरू झालं. पहिले काही दिवस बोलणं बोबडं झालं, जेवताना रडली, आता वर्गात कविताही म्हणते. डॉक्टरांनी तिला समोर बसवून तिचाच एक्स-रे समजावला. अजिंक्यतारा, तुझी आठवण झाली.

धाकट्याच्या टाळूत स्क्रूचं उपकरण बसवलंय. किल्लीने मीच फिरवते, एका वेळी पाव मिलिमीटर. मध्येच वरच्या दोन दातांत चांगली फट पडली आणि सासूबाई घाबरल्या. तो सांधा उघडल्याची खूण आहे, फट आपोआप मिटेल, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून बरं. आता दाढा जागेवर आल्यात आणि जबडा सरकवणंही थांबलंय. उपकरण अजून काही महिने तसंच ठेवायचंय, मधलं हाड भरून यायला.

एक शेवटचा प्रश्न. त्याच्या खालच्या दुधाच्या शेवटच्या दाढेला कीड आहे. घराजवळच्या दवाखान्यात म्हणाले, पडणारच आहे, काढून टाकू. काढू का?

मिरजेचा_दंतवैद्य

वाचवता येत असेल तर काढू नका. तो दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत ती दाढ तिथे हवी. तिच्या जागी येणारा पक्का दात लहान असतो, त्यामुळे खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला सुमारे पावणेदोन मिलिमीटर जागा उरते आणि तीच पुढच्या दातांच्या गर्दीला उपयोगी पडते. दाढ आता काढली तर मागची सहा वर्षांची दाढ पुढे सरकेल आणि ती जागा जाईल. कीड वरवरची असेल तर भरून घ्या. नसेपर्यंत गेली असेल तर दुधाच्या दातांचंही रूट कॅनाल होतं, वर टोपी बसवतात. अगदीच वाचण्यासारखी नसेल तर काढल्यावर लगेच जागा राखणारी कडी बसवून घ्या. हे काम लहान मुलांच्या दंतवैद्यांकडून करा, आणि टाळूचं उपकरण ज्यांनी बसवलंय त्यांनाही कळवा.